बरं होण्याचं श्रेय

गणपतीच्या आठवडाभर आधी फिजिओथेरपीची माझी शेवटची तपासणी होती. मॅडमनी पकड मोजायचं यंत्र उजव्या हातात दिलं, मी श्वास रोखून दाबलं. काटा ३४ किलोवर गेला. जुलैत प्लॅस्टर निघालं त्या दिवशी याच हाताने जेमतेम ११ किलो दाखवले होते. मग त्यांनी कोनमापकाने मनगट मोजलं: वर, खाली, तळहात जमिनीकडे, तळहात छताकडे. डाव्या हातात आणि उजव्यात आता फार फरक नव्हता. "छान मेहनत घेतलीत तुम्ही," त्या म्हणाल्या. "सगळेच इतकं करत नाहीत."

हे वाक्य घेऊन मी कराडला घरी गेलो.

आरती झाली आणि काका पळीने तीर्थ द्यायला लागले. तीर्थ घ्यायचं म्हणजे तळहात वर वळवून त्याचा द्रोण करायचा. आईचा उजवा हात तसा वळत नाही. चार वर्षांपूर्वी न्हाणीघरात पाय घसरून ती पडली, तेव्हा तिचंही मनगट मोडलं होतं. माझं मोडलं तेच हाड, त्याच हाताचं. तेव्हापासून तीर्थ घेताना ती कोपर अंगापासून लांब नेते, उजवा खांदा खाली झुकवते, कमरेतून थोडी वाकते, आणि मग कुठे तळहात पळीखाली येतो. काका गमतीने म्हणाले, "वहिनी, तीर्थ घेताय की नाच करताय?" सगळे हसले. मी म्हणालो, "आई, तेव्हा व्यायाम नीट केले असतेस तर हात वळला असता. माझा बघा आता." आणि माझा तळहात सगळ्यांना सपाट करून दाखवला.

आईने तीर्थ घेतलं, ओला हात डोक्यावरून फिरवला आणि ती स्वयंपाकघरात गेली.

ते वाक्य उर्मट होतं हे मला तासाभरात कळलं. पण उर्मट वाक्य खरंही असू शकतं. माझं वाक्य खरं होतं का, हा प्रश्न मला पुढचे दोन महिने सोडवता आला नाही. मी बरा झालो यात माझं किती होतं? आणि आई पूर्ण बरी झाली नाही यात तिचं किती?

*

आधी माझ्या हाताचा हिशोब मांडतो.

मे महिन्यात बॉक्स क्रिकेट खेळताना झेल घ्यायला मागे धावलो, पाय अडकला आणि पडताना उजवा हात जमिनीवर टेकवला. हात टेकवायचं मी ठरवलं नव्हतं. पडणारा माणूस डोकं वाचवायला हात पुढे करतोच, ते विचार करून होत नाही. शरीराचा सगळा भार मनगटाजवळ येतो आणि अंगठ्याच्या बाजूचं जे लांब हाड आहे, रेडिअस, ते मनगटाच्या थोडं अलीकडे मोडतं. हे जगातल्या सर्वांत नेहमीच्या फ्रॅक्चरांपैकी एक आहे. डब्लिनमधल्या अब्राहम कोलिस या शल्यविशारदाने १८१४ मध्ये याचं वर्णन केलं. क्ष-किरणांचा शोध १८९५ मधला, म्हणजे कोलिसने हे वर्णन हाड न बघता, हाताला लागणाऱ्या उंचवट्यांवरून केलं होतं. हाड मागे सरकलं की मनगटाचा आकार बाजूने पाहिल्यावर जेवणाच्या उपड्या काट्यासारखा दिसतो. कोलिसने दिलासाही दिला होता. त्याचं म्हणणं असं की आकारातला बिघाड जन्मभर राहील, पण बऱ्याच काळाने का होईना, हालचाल परत येईल आणि दुखणं जाईल.

माझं हाड मोडलं, पण जागचं हललं नाही. सहा आठवडे प्लॅस्टर. या सहा आठवड्यांत माझ्या हातात जे घडलं त्यात माझा काहीही सहभाग नव्हता. मोडलेल्या जागी आधी रक्त गोठतं, मग तिथे कूर्चेसारखा मऊ जोड तयार होतो, मग त्यात क्षार साचून तो कडक होतो. पुढे कित्येक महिने शरीर त्या ओबडधोबड जोडाला घासूनपुसून मूळ हाडाच्या आकाराकडे नेत राहतं. मी तेव्हा डाव्या हाताने टाइप करत होतो, मालिका बघत होतो आणि प्लॅस्टरच्या आत खाज सुटली की चिडत होतो. हाड जुळण्याबद्दल मला शाबासकी द्यायची तर केस वाढल्याबद्दलही द्यावी लागेल.

प्लॅस्टर कापलं तेव्हा आतून निघालेला हात माझा वाटत नव्हता. बारीक, कातडीचे पापुद्रे सुटलेला, लाकडासारखा. कुलपात किल्ली फिरवता येईना. पाण्याने भरलेला तांब्या उचलताना मनगट थरथरलं. आणि एक विचित्र गोष्ट अशी की, हाड जुळलं आहे हे क्ष-किरणांच्या फिल्मवर स्वच्छ दिसत असूनही त्या हातावर भार टाकायला मन धजेना. टेबलावर तळहात टेकवून किंचित पुढे झुका, असं मॅडम म्हणाल्या, तर कपाळावर घाम आला. पडताना जो हात न विचारता पुढे आला होता, तो आता सांगूनही पुढे येत नव्हता.

मेहनत सुरू झाली ती इथून.

*

व्यायाम अगदी साधे होते. टॉवेलच्या घडीवर हात ठेवून मनगट टेबलाच्या कडेबाहेर काढायचं आणि वर-खाली करायचं. लाटणं एका टोकाला धरून तळहात एकदा वर, एकदा खाली फिरवायचा. नमस्कार करून हात तसेच जोडलेले ठेवत कोपरं वर उचलायची. मेणाच्या शेकानंतर मऊ चेंडू दाबायचा. पुढे अर्धा किलोचं डंबेल, मग एक किलोचं. मग भिंतीला टेकून जोर, टेबलाला टेकून जोर, गुडघ्यांवर जोर आणि शेवटी जमिनीवर. लहानपणी शाळेत सूर्यनमस्कार घालायचो, म्हणून मी माझं उद्दिष्ट तेच ठरवलं: बारा सूर्यनमस्कार. सूर्यनमस्कारात पूर्ण वाकलेल्या मनगटावर वारंवार अंगाचा भार येतो आणि या दुखापतीनंतर नेमकी तीच गोष्ट सगळ्यात उशिरा जमते.

मी सगळं लिहून ठेवत होतो. एक्सेलच्या फाइलमध्ये तारीख, व्यायाम, वजन, किती वेळा, दुखणं दहापैकी किती. आलेखाची रेघ वर चढताना बघून बरं वाटायचं.

अशी मोजणी कुठून आली हे शोधताना मला थॉमस डीलोर्म सापडला. दुसऱ्या महायुद्धात जखमी झालेल्या सैनिकांवर उपचार करणारा हा अमेरिकन लष्करी डॉक्टर. तेव्हाची रीत अशी की, दुबळ्या झालेल्या अवयवाला हलक्या हालचाली पुष्कळ वेळा करायला लावायच्या. डीलोर्म स्वतः आजारातून उठताना वजनं उचलून ताकद कमावलेला होता. त्याने उलट केलं. सलग दहा वेळा जेमतेम उचलता येईल इतकं वजन द्यायचं आणि ताकद वाढली की वजन वाढवायचं. याबद्दलचा त्याचा लेख १९४५ मध्ये आला. पुढे त्याने आणि त्याच्या सहकाऱ्याने हे तीन फेऱ्यांवर आणलं. आज कुठल्याही जिममध्ये ऐकू येणारं 'दहाचे तीन सेट' हे सूत्र असं रुग्णालयातून बाहेर आलं आहे. त्याचं मर्म मोजण्यात आहे. आज किती, उद्या किती, हे आकड्यात सांगता आलं पाहिजे.

मला हे पटलं होतं आणि अजूनही पटतं. न मोजता मी पहिल्या दुखण्यालाच थांबलो असतो. पण मोजण्यातून एक सवय लागते. जे फाइलमध्ये आहे ती मेहनत, आणि जे नाही ते काहीच नाही, असं वाटायला लागतं. माझ्या फाइलमध्ये चेंडू १०० वेळा दाबल्याची नोंद आहे. आई रोज दोन वेळा कणीक मळते. हालचाल जवळपास तीच, उलट तिला जोर जास्त लागतो. त्याची नोंद कुठेही नाही, कारण त्याला आपण व्यायाम म्हणत नाही.

*

गणपतीत बोललेलं मनातून जाईना, म्हणून मी फाइल उघडून वेगळ्या नजरेने बघितली. प्रत्येक नोंदीच्या मागे काय काय होतं?

फिजिओथेरपीचं क्लिनिक घरापासून चालत दहा मिनिटांवर होतं. सहा आठवडे मी घरून काम केलं. कंपनीत कुणी तक्रार केली नाही, पगार कापला नाही. उपचारांचा बराच खर्च विम्यातून सुटला. मी अठ्ठावीस वर्षांचा आहे, या वयात हाडं दाट असतात. आणि प्लॅस्टरच्या पहिल्या तीन आठवड्यांत माझ्या जेवणाची, कपड्यांची, भांड्यांची काळजी मला करावी लागली नाही, कारण त्या कामांसाठी आई पुण्यात येऊन राहिली होती. ज्या हाताला मी पुढे नावं ठेवली, त्याच हाताने लाटलेल्या पोळ्या खाऊन माझं हाड जुळलं. तिचा हात प्लॅस्टरमध्ये होता तेव्हा मी दोन दिवस रजा काढून भेटून आलो होतो. तेव्हा घरात पोळ्या कोण करत होतं, हे मला आठवत नाही. म्हणजे मी बघितलंच नव्हतं.

बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी १९७६ मध्ये एका प्रश्नाला नाव दिलं: मॉरल लक, नैतिक नशीब. आपण म्हणतो की जे माणसाच्या हातात नाही त्याबद्दल त्याला दोष किंवा श्रेय देऊ नये. पण प्रत्यक्षात आपण सतत तेच करत असतो. दोन ट्रकचालक आपल्या गाड्यांचे ब्रेक तपासून घ्यायला सारखेच विसरले. एकाच्या गाडीसमोर अचानक मूल आलं, दुसऱ्याच्या नाही. निष्काळजीपणा सारखा, पण पहिल्याला आपण, आणि तो स्वतःला, फार वेगळ्या तराजूत तोलतो. नेगेल पुढे जाऊन म्हणतो की नशीब केवळ परिणामात नसतं. तुम्ही कुठल्या परिस्थितीत सापडलात हेही नशीब, आणि तुमचा स्वभाव कसा घडला, तुमच्यात चिकाटी किती, हेही काही प्रमाणात नशीबच. असं एकेक वजा करत गेलं तर शेवटी 'माझं' म्हणून उरतं काय, ही त्याची खरी अडचण आहे.

हे वाचल्यावर मी हिशोब उलटा लिहून टाकला. माझं श्रेय जवळजवळ शून्य आणि आईचा दोषही शून्य. मग त्याला एक पुरावाही मिळाला. घरी कपाटामागे ठेवलेल्या मोठ्या पाकिटातून मी तिच्या जुन्या क्ष-किरणांच्या फिल्म काढून त्यांचे फोटो घेतले होते. पुढच्या वेळी ते मॅडमना दाखवले. त्यांनी बराच वेळ बघितले. "यांचं हाड बरंच सरकलं होतं," त्या म्हणाल्या. "ओढून बसवलंय, पण जुळताना थोडं मागे कललंय आणि जरा आखूड झालंय. नक्की काय ते डॉक्टरच सांगतील. पण तळहात वर न वळण्याचं कारण बऱ्याच अंशी हाडातच असणार. नुसत्या व्यायामाने ते पूर्ण गेलं नसतं." यात कुणाची हयगय झाली असंही नाही. त्या वयात, थोडा कल राहिला तरी रोजची कामं करता येतात, म्हणून पुष्कळदा शस्त्रक्रिया टाळतात, असं त्यांनी सांगितलं. कोलिसच्या दिलाशाचं अर्धं आईच्या वाट्याला आलं होतं. दुखणं गेलं, हालचाल पूर्ण आली नाही.

म्हणजे माझं गणपतीतलं वाक्य खोटं होतं. मला विलक्षण हलकं वाटलं. मी आईला फोन लावला.

*

मी तिला सगळं समजावून सांगितलं. हाड, कल, आखूड होणं. शेवटी म्हणालो, "त्यामुळे तुझी काही चूक नव्हती आई. व्यायाम केले नाहीस म्हणून झालं असं नाहीये. नशिबाचा भाग होता."

पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "व्यायाम केले नाहीत असं तुला कुणी सांगितलं?"

मला उत्तर देता येईना.

"पाचला उठायचे. गरम पाण्याचं घमेलं घेऊन न्हाणीघरात बसायचे. मूठ उघडायची, मिटायची. त्या मुलीने दाखवलं होतं तसं लाटणं फिरवायचे. वर्षभर केलं रे. डोळ्यातून पाणी यायचं. तुझ्या बाबांनाही माहीत नाही, ते उठायच्या आत आवरायचे."

"मग गणपतीत बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? हात तर वळतच नव्हता. न वळणारा हात पुढे करून मी व्यायाम केले म्हणून सांगितलं तर कोण ऐकणार होतं? आणि आता तू म्हणतोस नशीब. तेही तूच ठरवणार का?"

तिच्या आवाजात राग होता, पण मोठा नव्हता. विषय संपवून तिने फोन ठेवायच्या आधी विचारलं, जेवलास का.

माझी चूक मला त्या रात्री दिसली, आणि ती मी समजत होतो ती नव्हती. मला वाटत होतं की मी मेहनत आणि नशीब यांची वाटणी चुकवली, आणि आता ती दुरुस्त केली. खरं म्हणजे दोन्ही वेळा मी एकच गोष्ट केली होती. निकाल बघितला आणि त्यावरून माणसाने काय केलं असेल ते ठरवून टाकलं. हात वळत नाही, म्हणजे तिने व्यायाम केले नसणार. पुढे कारण हाडात आहे असं कळलं, तेव्हाही मी तेच धरून चाललो की व्यायाम केले नव्हते, फक्त त्याने बिघडलं काही नाही. दोष काढून घेतला, पण तिचं ते पहाटेचं वर्ष तिला परत दिलं नाही, कारण ते होतं हेच मला माहीत नव्हतं. आणि माहीत नव्हतं कारण मी विचारलं नव्हतं.

दोष दिला तेव्हा निदान तिला काहीतरी करू शकणारी व्यक्ती मानलं होतं. माफ केलं तेव्हा तेही काढून घेतलं. दयेतसुद्धा असा उर्मटपणा असू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

*

गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठलंही कर्म सिद्धीला जायला पाच कारणं लागतात असं सांगितलं आहे. अधिष्ठान, म्हणजे ज्याच्या आधारावर कर्म उभं राहतं ते शरीर. कर्ता. करणं, म्हणजे साधनं. वेगवेगळ्या चेष्टा, म्हणजे प्रयत्न. आणि पाचवं दैव. असं असताना जो केवळ स्वतःलाच कर्ता समजतो त्याला नीट दिसत नाही, असंही तिथे पुढे म्हटलं आहे. मी हे पूर्वी अहंकाराविरुद्धचा उपदेश म्हणून वाचलं होतं. या वेळी लक्ष गेलं ते यादीकडे. चेष्टा आणि दैव दोन्ही एकाच यादीत आहेत. एकाने दुसऱ्याला खोडलेलं नाही. आईच्या बाबतीत चेष्टा पूर्ण होती, अधिष्ठान वाकडं जुळलं होतं. माझ्या बाबतीत दोन्ही होतं, शिवाय साधनांची रेलचेल. पाचही कारणं जमली तरच कर्म होतं, म्हणून झालेल्या कर्मावरून आपण म्हणू शकतो की पाचही होती. पण न झालेल्या कर्माकडे बघून कोणतं कमी पडलं ते सांगता येत नाही. एखादा प्रोग्रॅम चालला नाही तर मी लॉग बघितल्याशिवाय कारण सांगत नाही. माणसाबद्दल मात्र सांगून मोकळा होतो.

हे काही फक्त मनगटाचं नाही. आमच्या वर्गातल्या दोघातिघांना कॅम्पसमधून नोकरी लागली नाही, तेव्हा 'त्यांनी तयारी केली नाही' हे आम्ही लागलेल्यांनी किती सहज म्हटलं होतं. दर वर्षी अप्रेझलच्या वेळी हेच चालतं. ज्याचं काम पूर्ण झालं त्याने कष्ट केले, ज्याचं रद्द झालं त्याने केले नाहीत. कष्ट करून हात न वळलेल्या माणसाला तिथेही बोलायची जागा नसते. तो बोलला तर ती सबब ठरते.

यावर एक आक्षेप मी स्वतःलाच घेत आलो आहे. मेहनतीला असं महत्त्व द्यायचं नाही, तर पहाटे उठून कोण लाटणं फिरवेल? मॅडमनी पहिल्याच दिवशी 'सगळं नशिबावर आहे' असं सांगितलं असतं तर मी जुलैतच व्यायाम सोडले असते. आणि खरोखर आळस करणारी माणसंही असतात, त्यांना तसं म्हणायचं नाही का?

मला वाटतं, फरक वेळेचा आहे. व्यायाम समोर असताना मेहनत हा शब्द खरा आणि उपयोगी आहे. कारण तेव्हा माझ्या हातात असलेली गोष्ट तेवढीच आहे. हाड कसं जुळलं ते बदलता येत नाही, लाटणं आज फिरवता येतं. पण सगळं झाल्यावर मागे वळून तोच शब्द निवाडा म्हणून वापरला की तो खोटा पडायला लागतो. मॅडमचं 'छान मेहनत घेतलीत' हे खरंच होतं, त्यांनी माझी फाइल बघितली होती, मला घाम येताना बघितलं होतं. त्यांना साक्षीदार म्हणून ते म्हणायचा अधिकार होता. आईबाबत मी काहीच बघितलेलं नव्हतं. आळशाला आळशी म्हणायलाही हरकत नाही, पण त्याआधी त्याच्या पहाटेच्या पाच वाजता काय चालतं हे पाहिलेलं असावं. आणि ते पाहिल्यावर कितीजणांना आपण आळशी म्हणू याची मला शंका आहे.

*

मागचं ठरवण्याच्या नादात पुढचं एक काम राहून गेलं होतं. तेही मॅडमनीच काढलं. "आईंच्या हाडांची घनता तपासली होती का?" त्यांनी विचारलं. पाळी गेल्यानंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि हाडं झपाट्याने विरळ होऊ लागतात. पन्नाशीनंतर बाई साधी घसरून पडली आणि मनगट मोडलं, तर ती हाडांनी दिलेली सूचना असू शकते. तिकडे दुर्लक्ष झालं तर पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं किंवा मणक्याचं असण्याची भीती असते, आणि ते मनगटासारखं सहा आठवड्यांत निभत नाही. आईच्या हाताबद्दल चार वर्षं घरात सगळे बोलत होते, मी सगळ्यात जास्त. तपासणी कुणीच केली नव्हती.

ऑक्टोबरात ती पुण्याला आली तेव्हा तपासणी केली. हाडं विरळ झालेली निघाली. डॉक्टरांनी औषधं दिली, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व दिलं आणि भार पेलण्याचे, तोल सावरण्याचे व्यायाम सांगितले. हाडावर जसा भार येतो तसं ते स्वतःला घडवतं, हे ज्युलिअस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ मध्ये मांडलं होतं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यातून फार काही नवं मिळेल असं नाही, आहे ते टिकलं आणि पडणं टळलं तरी पुष्कळ. ती आता हात न टेकता खुर्चीतून दहा वेळा उठते, भिंतीला टेकून जोर काढते. मी तिच्यासाठी फाइल करू का विचारलं. "नको," ती म्हणाली. "मला माहीत असतं मी किती केले ते."

माझे बारा सूर्यनमस्कार दसऱ्याच्या सुमारास पूर्ण झाले. ती नोंद फाइलमधली शेवटची. अजून घालतो, लिहीत नाही.

लक्ष्मीपूजनाला काका नव्हते, म्हणून तीर्थ मी दिलं. आई समोर आली. कोपर लांब गेलं, खांदा झुकला, कंबर थोडी वळली. हे मी चार वर्षं बघत होतो, पण पळी हातात असताना इतक्या जवळून पहिल्यांदाच. त्यात कुठेही चाचपडणं नव्हतं. जो कोन मनगटात मिळत नव्हता तो तिने खांद्यातून आणि कमरेतून थोडा थोडा गोळा केला होता. तळहात पळीखाली आला तेव्हा तो पुरेसा सपाट होता. हे तिला कुठल्या मॅडमनी शिकवलं नव्हतं, आणि मी त्याला आजवर फक्त न वळणारा हात म्हणत आलो होतो.

मला वाटलं, पळी जरा बाजूला, खाली नेली तर तिला सोपं जाईल. नेणारच होतो, पण थांबलो.

"कुठे धरू?" मी विचारलं.

"आहे तिथेच धर," ती म्हणाली. "मला येतं."